लॉनला वाफसा हवा

पुण्यात वर्षाला सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मँचेस्टरला साडेआठशेच्या आसपास. आकडे शेजारी ठेवले तर फरक फारसा वाटत नाही. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि मँचेस्टरचा वर्षातल्या दीडशे दिवसांवर विखुरलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका खाली असतो की पडलेल्या पाण्याची वाफ व्हायला ऊबच मिळत नाही. एकदा भिजलेली जमीन मार्चपर्यंत भिजलेलीच राहते. इंग्लंडच्या वायव्य भागात घरामागच्या गवताच्या तुकड्याची निगा कशी राखायची, हा प्रश्न इथून सुरू होतो. आणि माझ्या मते तो संपतोही इथेच, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारी या न हटणाऱ्या पाण्याच्याच असतात.

मी मँचेस्टरच्या दक्षिणेला राहते. घर नवं घेतलं तेव्हा मागे सतरंजीसारखं तयार गवत अंथरून मिळालं होतं. पहिल्या हिवाळ्यात मधोमध पाणी साचलं. दुसऱ्या हिवाळ्यात तिथलं गवत पिवळं पडलं. तिसऱ्या मार्चमध्ये त्या जागी गवत कमी आणि मॉस जास्त, अशी अवस्था झाली. मॉस म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर धरतं ते मखमली शेवाळ. खणून पाहिलं तर वर जेमतेम चार बोटं माती, आणि खाली विटांचे तुकडे, खडी, सिमेंटचे गोळे आणि यंत्रांच्या चाकांखाली दगडासारखी दबलेली चिकणमाती. बांधकाम करणाऱ्यांनी राडारोड्यावर हिरवं पांघरूण घातलं होतं. नव्या वसाहतींत ही तक्रार सर्रास ऐकू येते. यावर दुकानातली कुठलीच बाटली चालत नाही, हे कळेपर्यंत माझी दोन वर्षं आणि बरेच पैसे खर्ची पडले.

त्याच मार्चमध्ये आई साताऱ्याहून आली होती. रविवारी ऊन पडलं म्हणून मी दंताळं घेऊन बाहेर निघाले. ती मागून आली, वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि हात उघडला. बोटांच्या खुणांसकट गोळा तसाच राहिला, तळव्यावर पाणी चमकलं. "अगं, वाफसा कुठं आलाय अजून?" ती म्हणाली. "आत्ता पाय घातलास तर दगड होईल त्याचा."

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून पेरणीच्या संदर्भात ऐकत आले. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरून तिथे हवा शिरली आहे, बारीक पोकळ्यांत ओल टिकून आहे, आणि माती हाताला चिकटत नाही, अशी ती स्थिती. इंग्रजी बागकामाची पुस्तकं हीच गोष्ट महिन्यांच्या नावांनी सांगतात: मार्चमध्ये हे करा, एप्रिलमध्ये ते करा. पण एक मार्च दुसऱ्यासारखा नसतो. गवताच्या मुळांना श्वास घ्यायला हवा लागते; चिबड जमिनीत ती मिळत नाही, मुळं वरच्या वर राहतात आणि पुढे उन्हाळ्यात आठ दिवस पाऊस लांबला की तेच गवत सगळ्यात आधी सुकतं. पाणथळ जागेचं गवत उन्हाळ्यात तहानेनं मरतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी दरवर्षी घडतं. ओल्या चिकणमातीवर माणूस चालला, जड यंत्र फिरलं की उरल्यासुरल्या पोकळ्याही मिटतात. म्हणून पहिला नियम सोपा आहे. पायाखाली पचपच आवाज येतोय तोवर लॉनवर जायचं नाही, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

इथलं गवतही आपल्या गवतापेक्षा मुळातच वेगळ्या स्वभावाचं. आपली हरळी, म्हणजेच गणपतीला वाहायच्या दूर्वा, उष्ण हवेत फोफावते आणि थंडीत झोपते. ब्रिटनच्या लॉनमध्ये असतात रायग्रास, तांबडं फेस्क्यू आणि बेंट. मातीचं तापमान पाच-सहा अंशांवर गेलं की ही वाढू लागतात, पंधरा ते वीस-बावीस अंशांत खूश असतात आणि कडक उन्हाळ्यात मरगळतात. रायग्रास पायदळी तुडवलं तरी सावरतं, म्हणून मैदानांना तेच लागतं. विम्बल्डनच्या कोर्टांवर 2001 पासून फक्त रायग्रास पेरतात आणि स्पर्धेसाठी ते आठ मिलिमीटरवर कापतात. फेस्क्यू बारीक पात्याचं, थोड्या खतावर जगणारं, सावलीही बऱ्यापैकी सोसणारं. आपल्या बागेत नेमकं काय वाढतंय हे न पाहता शेजाऱ्याचं वेळापत्रक उचललं की चुका होतात.

गवत कापण्याचा इतिहास या पावसाशी विलक्षण गुंतलेला आहे. यंत्र येण्यापूर्वी मोठ्या हवेल्यांची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्यांनी कापत. त्यासाठी माणसं पहाटे येत, कारण दवानं ओलं झालेलं गवत विळ्याला चांगलं कापलं जातं, सुकं पातं धारेपुढे वाकतं. 1830 मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यांनी पहिल्या गवत कापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तो लोकरीच्या गिरण्यांचा मुलूख. कापडावरचे वर आलेले तंतू कातरून ते सपाट करणारं फिरत्या पात्यांचं यंत्र त्या गिरण्यांत होतं, तीच कल्पना त्यांनी जमिनीवर आणली. या यंत्रानं लॉन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणलं, पण एक अटही घातली. विळ्याला गवत ओलं हवं होतं, यंत्राला ते कोरडं लागतं. दीडशे दिवस पावसाच्या देशात कोरड्या गवताची अट, ही ओढाताण तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

कापण्याबद्दल जाणकारांत मोठे मतभेद नाहीत. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये. वसंतात पहिल्यांदा कापताना चार सेंटिमीटरच्या आसपास ठेवावं, उन्हाळ्यात अडीचपर्यंत आणावं, शरदात पुन्हा वाढवावं. सावलीतलं गवत नेहमीच उंच ठेवावं, कारण अन्न बनवायला त्याच्याकडे ऊन थोडं असतं. कापलेलं गवत तिथेच सोडलं तर त्यातलं नत्र मातीला परत मिळतं. मात्र हे कोरड्या दिवसांतच. ओल्या दिवसांत त्याचे लगदे होतात, खालचं गवत गुदमरतं आणि बुरशीला घर मिळतं.

वाद आहे तो मॉसचा. दर मार्चला बागेच्या दुकानांत मॉस मारायच्या पोत्यांची थप्पी लागते. पोत्यात मुख्यतः असतं फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ. ते टाकल्यावर काही दिवसांत मॉस काळं पडतं, गवत लोहामुळे गडद हिरवं दिसू लागतं आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. फरशीवर सांडलं तर गंजाचे डाग पडतात, ते निघत नाहीत. दोन आठवड्यांनी मेलेलं मॉस दंताळ्यानं ओढून काढायचं. माझ्या छोट्याशा लॉनमधून पहिल्या वर्षी मोठ्या काळ्या पिशव्यांचा ढीग निघाला आणि खाली उघडी, गुळगुळीत, ओली माती दिसली. त्या शरदात ते सगळं मॉस परत आलं.

येणारच होतं. मॉसला खरी मुळं नसतात. ते अंगानंच पाणी पितं, थोड्याशा उजेडावर भागवतं आणि गवत झोपलेलं असतं त्या थंडीत वाढत राहतं. सावली, दबलेली माती, साचलेलं पाणी, फार खाली कापलेलं किंवा उपाशी गवत, आंबट जमीन, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की गवत मागे हटतं आणि मोकळी जागा मॉस घेतं. मॉसनं गवत मारलं असं आपल्याला वाटतं. घडतं ते उलट क्रमानं.

याचा एक जुना पुरावा हार्टफर्डशरमधल्या रॉथॅमस्टेड इथे आहे. 1856 मध्ये जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी तिथल्या एका कुरणाचे पट्टे पाडून प्रत्येकाला ठरावीक खत द्यायला सुरुवात केली. तो प्रयोग अजून चालू आहे. कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यांत चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत. ज्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट मिळालं आणि चुना कधीच मिळाला नाही, त्यांची जमीन इतकी आंबट झाली की सामू चारच्याही खाली गेला आणि तिथे दोन-तीनच जाती तग धरून राहिल्या. हे चाऱ्याचं कुरण, लॉन नव्हे, हे मान्य. पण ब्रिटनमध्ये पिढ्यानपिढ्या लॉनवर टाकत आलेली 'लॉन सँड' म्हणजे अमोनियम सल्फेट, फेरस सल्फेट आणि वाळू यांचंच मिश्रण. आधीच पावसानं चुना धुऊन नेलेल्या जमिनीला मॉसवरचं औषध म्हणून दरवर्षी आंबटपणा वाढवणारं मीठ द्यायचं, आणि आंबट जमिनीत मॉस आनंदानं वाढतं. या चक्राचा फायदा फक्त पोतं विकणाऱ्याला होतो. मी लोह पूर्ण बंद करा म्हणत नाही. दंताळं मारण्यापूर्वी एकदा वापरलं तर काम सोपं होतं. पण त्याच वर्षी निचरा सुधारणार नसाल तर ते पैसे वाया गेलेच समजा. चुनाही डोळे मिटून फेकू नये. माती तपासून ती खरोखर फार आंबट निघाली तरच.

मग खरं काम कधी करायचं? लोकांचा उत्साह वसंतात असतो, हे मी समजू शकते. चार महिने अंधारात काढल्यावर हात शिवशिवतात. पण या हवेत मोठ्या दुरुस्तीचा मोसम सप्टेंबर आहे. माती उन्हाळ्यानं उबदार झालेली असते, पाऊस परतू लागलेला असतो, तणांचा जोर ओसरलेला असतो, आणि बहुतेक वर्षी दोन-तीन आठवडे असे मिळतात की मुठीतली माती दाबल्यावर हलकेच फुटते. लोखंडी दंताळ्यानं मुळांशी साठलेला सुका थर आणि मॉस ओढून काढावं. मग बागकामाचा काटा दहा-पंधरा सेंटिमीटर खोल रोवून, किंचित हलवून बाहेर काढावा आणि वीतभर पुढे पुन्हा रोवावा. जड चिकणमातीत पोकळ दात्यांचा काटा जास्त चांगला. तो मातीची गुंडाळी बाहेर काढतो आणि खरं भोक मागे ठेवतो. त्या भोकांत वाळू, पोयटा आणि कुजलेला पाला यांचं मिश्रण झाडूनं लोटायचं: सहा भाग धारदार वाळू, तीन भाग पोयटा, एक भाग पाला. पातळच, गवताची टोकं वर दिसत राहतील इतकं. उघड्या जागी बी टाकायचं.

हे काम पाठ मोडणारं आहे. मी पहिल्या वर्षी चार शनिवार त्यात घालवले. आईनं सांगितल्याप्रमाणे चिबड भागाच्या कडेला एक उथळ चर खणून खडी भरली आणि पाणी कुंपणाकडे वळवलं. पुढच्या मार्चमध्ये चमत्कार झाला नाही, पण मधोमध तळं साचलं नाही. तिसऱ्या वर्षी तिथलं मॉस निम्म्यावर आलं, औषधाचा एक कणही न टाकता.

खताचं थोडक्यात सांगते. वाढ सुरू झाली की वसंतात नत्र द्यावं. शरदात नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत घ्यावं. उशिरा दिलेल्या नत्रानं कोवळी पाती येतात आणि ओल्या शरदात त्यांवर फ्युझेरियमची बुरशी पडते, तपकिरी गोल डाग पसरत जातात. उलट नत्र फारच कमी पडलं तर 'रेड थ्रेड' येतो. पात्यांच्या टोकांना लालसर गुलाबी दोरे फुटतात. दिसायला भयंकर, पण मुळं मरत नाहीत, थोडं खाणं दिलं की गवत उठतं. लॉनमध्ये पांढरा क्लोव्हर असेल तर तो हवेतलं नत्र स्वतःच जमिनीत आणतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुंद पानांची तणं तेवढी मारणारी औषधं निघाली आणि त्यांच्या माऱ्यात क्लोव्हरही तण ठरला. आता त्याचं बी लोक विकत आणून पेरतात. मीही पेरलं आहे.

शरदातच दुसरं एक संकट जमिनीत शिरतं. ऑगस्टच्या अखेरीपासून लांब लटलटत्या पायांची क्रेनफ्लाय दिव्याभोवती घुटमळू लागते. ती गवतात अंडी घालते, आणि त्यांतून निघणाऱ्या राखाडी, बिनपायांच्या, चिवट कातडीच्या अळ्या हिवाळाभर मुळं खातात. इंग्रजीत त्यांना लेदरजॅकेट म्हणतात. आपल्याकडच्या हुमणीची जात वेगळी, पण उसाच्या शेतकऱ्याला हे दुखणं लगेच कळेल. सप्टेंबर कोरडा गेला तर अंडी आणि कोवळ्या अळ्या सुकून मरतात, ओला गेला तर जगतात. म्हणजे पुन्हा पाणीच. 1935 मध्ये या अळ्यांनी लंडनचं लॉर्ड्सचं मैदान कुरतडलं होतं. त्या उघड्या पडलेल्या खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेच्या झेनोफन बालास्कस या लेगस्पिनरनं नऊ बळी घेतले आणि त्याच्या संघानं इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय मिळवला.

या अळ्यांवरचं मुख्य रसायन, क्लोरपायरिफॉस, ब्रिटननं 2016 मध्ये जवळजवळ सगळ्या वापरांतून काढून टाकलं. त्याचं मला दुःख नाही. घरच्या बागेसाठी आता सूत्रकृमी मिळतात. पाण्यात कालवून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, माती ओली आणि उबदार असताना शिंपडायचे, ते अळीच्या शरीरात शिरून तिला मारतात. त्याहून स्वस्त उपाय मला पलीकडच्या घरातल्या निवृत्त आजोबांनी दाखवला. पिवळ्या पडलेल्या जागेवर त्यांनी संध्याकाळी झारीनं भरपूर पाणी घातलं, काळं प्लास्टिक अंथरलं आणि कडांना विटा ठेवल्या. सकाळी सात वाजता प्लास्टिक उचललं तेव्हा गवतावर मोजता येणार नाहीत इतक्या अळ्या वळवळत होत्या. ते काही बोलले नाहीत, मागे सरून उभे राहिले. दोन मिनिटांत छपरावरचे स्टार्लिंग उतरले, आपल्या मैनेचे सख्खे भाऊबंद, आणि जागा साफ करून गेले. हा पक्षी ब्रिटनमध्ये इतका घटला आहे की धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्याचं नाव आहे. लॉनवर विष फवारताना आपण कोणाचं ताट ओढतो, ते त्या सकाळी मी पाहिलं.

गांडुळांचंही असंच. ओल्या शरदात ती विष्ठेच्या मऊ ढिगल्या वर आणून टाकतात, त्यावर पाय पडला की चिखल होतो, म्हणून एकेकाळी लोक ती मारत. आता ब्रिटनमध्ये त्यासाठी मान्यता असलेलं एकही औषध नाही. 1881 च्या गांडुळांवरच्या पुस्तकात चार्ल्स डार्विन यांनी हिशेब मांडला होता की अनेक ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते. माझ्या काट्यानं चार शनिवारांत पाडलेली भोकं या कामापुढे किरकोळ आहेत. ढिगल्या सुकू द्याव्यात आणि झाडूनं पसरवाव्यात.

अलीकडे सगळ्यात जास्त चर्चा 'नो मो मे'ची आहे. प्लांटलाइफ या संस्थेनं 2019 मध्ये हाक दिली की मे महिनाभर लॉन कापू नका, फुलं येऊ द्या, मधमाश्यांना खाऊ द्या. हेतू चांगला आहे आणि मी त्यात भाग घेते. पण न कापणं म्हणजे आपोआप विविधता, ही समजूत बरोबर नाही. डार्विन यांनीच तीन फूट बाय चार फुटांच्या कापलेल्या हिरवळीवर मोजलं होतं: वीस जातींची रोपं होती, कापणं थांबवल्यावर धट्ट्याकट्ट्या जातींनी नऊ जातींना संपवलं. डेझी, सेल्फहील, क्लोव्हर ही बुटकी फुलझाडं जगतात ती नियमित कापण्यामुळेच. शिवाय ओल्या मुलखात मेअखेरीस गवत गुडघ्यापर्यंत येतं, जूनच्या पावसात लोळतं आणि मग एकदम खाली कापलं की पिवळे खुंट उरतात. मला दोन पट्टे बरे वाटतात. एक चार-चार आठवड्यांनी उंच कापलेला, त्यात बुटकी फुलं येतात. दुसरा ऑगस्टपर्यंत न छेडलेला, त्याचं गवत कापून उचलून न्यायचं म्हणजे माती हळूहळू हलकी होते आणि रानफुलांना जागा मिळते.

उन्हाळ्याची काळजी इथे कमी असायची, आता तसं राहिलेलं नाही. 19 जुलै 2022 ला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच चाळिशीपार गेला आणि त्या उन्हाळ्यात कित्येक भागांत पाइपनं पाणी घालायला बंदी आली. लॉन वाळून बिस्किटाच्या रंगाचं झालं. पिण्याच्या पाण्यानं ते हिरवं ठेवायचा हट्ट मला अयोग्य वाटतो. जुनं, मुळं खोल गेलेलं गवत मरत नाही, झोपतं. ऑक्टोबरपर्यंत बहुतेक लॉन परत हिरवी झाली होती.

या सगळ्या खटाटोपाला कंटाळून बरेच जण गवत काढून फरशी घालतात, नाहीतर प्लास्टिकचं गवत अंथरतात. त्यांचा थकवा मला कळतो, निर्णय पटत नाही. 2007 च्या मोठ्या पुरांनंतर इंग्लंडमध्ये 2008 पासून घरापुढच्या बागेत पाणी न मुरणारी फरशी पाच चौरस मीटरहून जास्त घालायची तर परवानगी घ्यावी लागते. कारण पाऊस गवतातून मुरला नाही तर तो रस्त्यावर येतो आणि खालच्या आळीतल्या कोणाच्या तरी घरात शिरतो. प्लास्टिकच्या गवताला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2022 मध्ये आपल्या प्रदर्शनांतून बाहेर काढलं. ते उन्हात तापतं, त्याखाली गांडूळ टिकत नाही, आणि या हवेत त्यावरही मॉस धरतंच.

हिवाळ्यात करायचं फारसं काही नसतं. पडलेली पानं उचलावीत. दहिवर पडलेल्या सकाळी लॉनवर चालू नये. गोठलेली पाती पायाखाली मोडतात आणि नंतर पावलांचे तपकिरी ठसे उमटून आठवडेच्या आठवडे राहतात. यंत्राच्या पात्यांना धार लावून घ्यावी, कारण बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि फाटलेल्या टोकातून बुरशी शिरते.

माझ्या लॉनच्या दक्षिण कडेला, कुंपणाच्या सावलीत दोन हात रुंदीची एक पट्टी आहे. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन पोहोचतच नाही. काटा, वाळू, सावलीत वाढणारं बी, सगळं करून झालं. गेल्या तीन वर्षांपासून तिथे मी काहीच टाकत नाही. आता ती पट्टी पूर्ण मॉसची आहे, जानेवारीतही उजळ हिरवी. मार्चच्या सुरुवातीला ब्लॅकबर्डची मादी, आपल्या कस्तुराच्या कुळातली, तिथे उतरते, चोचीत मॉसचे पुंजके भरते आणि समोरच्या वेलात घरट्यासाठी घेऊन जाते. तोवर बाकीच्या लॉनवर पाय ठेवायचा का नाही, हे मी मूठभर माती दाबून पाहत असते.